टिलव्याचा हंगाम

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या पुतणीने फिनलंडहून एका पांढऱ्या अस्वलाचा फोटो पाठवला. फोटोत अस्वल आहे असं तिचं म्हणणं. आम्हाला दिसत होता तो बर्फ, आणि त्या बर्फात जुन्या गादीतल्या कापसासारखा किंचित पिवळसर असा एक उंचवटा. बीडच्या आमच्या घरात तो फोन हातोहात फिरला. वहिनींनी चष्मा पुसून पाहिला, मी फोन आडवा धरून पाहिला, शेजारच्या पोराने दोन बोटांनी फोटो मोठा केला तेव्हा बर्फच मोठा झाला. सरतेशेवटी फोन आईच्या हातात गेला. तिने तो ताटासारखा दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, "पाठ करून झोपलंय. जेवण झालं असंल." नव्वदीला टेकलेल्या माझ्या आईचा प्राणिशास्त्राशी संबंध इतकाच, की कुणीही झोपलेलं दिसलं की ते जेवून झोपलंय की उपाशी, हे तिला चेहऱ्यावरून कळतं. इथे तर चेहराही नव्हता, नुसती पाठ होती.

पुतणी हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोमध्ये नोकरीला आहे. तिच्या आजोबांनी आयुष्यभर ज्वारी पेरली आणि नात अशा मुलखात जाऊन राहिली जिथे ज्वारीचं सोडाच, डिसेंबरात सूर्यसुद्धा धड उगवत नाही. नाताळच्या आधी रजा जोडून ती रात्रीच्या गाडीने उत्तरेला रोवानिएमीला गेली आणि तिथून एका गाईडबरोबर दिवसाची सहल करून रानुआच्या प्राणिउद्यानात जाऊन आली. रोवानिएमीच्या दक्षिणेला ऐंशीएक किलोमीटरवर हे उद्यान आहे, १९८३ साली उघडलेलं. जंगलातून लाकडी फळ्यांची वाट काढलेली, दोन्ही बाजूंना रेनडिअर, लिंक्स, लांडगे, ध्रुवीय कोल्हे आणि फिनलंडमध्ये दुसरीकडे कुठेही नसलेली पांढरी अस्वलं. निघण्याआधी सगळ्यांना जाडजूड झगे चढवले गेले. त्या वेषातला पुतणीचा फोटोही आला होता आणि अस्वलापेक्षा तिला ओळखायला आम्हाला जास्त वेळ लागला. तापमान उणे बावीस. दिवस दोन-अडीच तासांचा, तोही सकाळी अकराला उजाडून दुपारी चहाच्या आत संपणारा. आणि गंमत अशी, की हे आर्क्टिकचं उद्यान आर्क्टिक वर्तुळाच्या आत नाहीच, थोडं अलीकडे आहे. म्हणजे आपल्याकडे 'बसस्थानकासमोर' असं छापलेलं मंगल कार्यालय असतं ना, तसंच.

पण मला सगळ्यांत आवडला तो तिने फोनवर सांगितलेला एक प्रसंग. गाईडने मंडळींना एका कुंपणाशी नेलं आणि आवाज बारीक करून सांगितलं, इथे खाली तपकिरी अस्वल आहे, पण ते थंडीभर झोपतं, वसंत आला की उठेल. आठ-दहा माणसं, कुठून कुठून आलेली, पैसे मोजून आलेली, त्या बर्फाकडे पाहत उभी राहिली. कुणी काही बोललं नाही. एकाने फोटो काढला. झोपलेल्याच्या दाराशी जाऊन, त्याला न उठवता, पाच मिनिटं गुपचूप उभं राहून परत यायचं. आमच्याकडे हा मान फक्त दुपारी वामकुक्षी घेणाऱ्या आजोबांना मिळायचा.

आमच्या लहानपणी अस्वल बघायला जावं लागत नसे, अस्वलच यायचं. सुगी झाली की बालाघाटाच्या आमच्या गावात दरवेशी उतरायचा. हातात काठी, काठीला दोरी, दोरीच्या टोकाला वेसण आणि वेसणीमागे ते काळं, झिपरं, ओल्या घोंगडीच्या वासाचं धूड. आर्क्टिकचा गाईड माणसांना अस्वलाच्या दारी नेतो, आमचा गाईड अस्वलाला माणसांच्या दारोदार फिरवायचा. भित्र्या पोराला अस्वलाच्या पाठीवर बसवलं की त्याची भीती जाते, असा गावाचा पक्का समज होता. गावातला सर्वांत भित्रा मुलगा मीच असल्यामुळे दरवर्षी पहिला मान माझा. आईने दरवेशाला पायलीभर ज्वारी घातली आणि मला उचलून त्या पाठीवर ठेवलं, तो क्षण अजून माझ्या तळहातात आहे. केस राठ होते, पण केसांच्या मुळाशी गरम होतं, चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या भांड्याइतकं गरम. अस्वलाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, कुतूहल नव्हतं, होती ती फक्त झोप. एका गावाहून दुसऱ्या गावाला चालून चालून आलेली झोप. माझी भीती गेली की नाही हे कळलं नाही, पण गळ्यात त्याच्या केसांचा ताईत मात्र दोन वर्षं होता. १९७२चा वन्यजीव कायदा हळूहळू खेडोपाडी पोहोचला, दरवेशी यायचा बंद झाला, आणि ते बरंच झालं. परवा पुतणीचा फोटो बघताना मात्र पहिल्यांदा वाटलं, चला, एका तरी अस्वलाला झोपू दिलं.

"आपणही जाऊ की," गुरुजी म्हणाले. गुरुजी म्हणजे आमचे शेजारी, जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या पैशांतून इतरांनी प्लॉट घेतला, यांनी दुर्बीण घेतली. पुतणीचा फोटो त्यांनाही दाखवला होता आणि त्यांनी त्याकडे तपासणीला आलेल्या वहीसारखं पाहिलं होतं.

"कुठे, फिनलंडला?"

"नायगावला हो, बँकवाले. थंडी आहे, रान आहे, जनावरं आहेत. गाईड मी आहे. आणखी काय पाहिजे?"

आणखी काहीच नको होतं. रविवारी पहाटे पाचला गुरुजींच्या पुतण्याची जीप दारात उभी राहिली. तापमान दहाच्या आसपास असावं. पुतणीच्या मानाने ते उन्हाळ्याचं म्हणावं लागेल, पण बीडच्या माणसाला दहा अंशांत जी थंडी वाजते ती उणे बाविसात वाजत नाही, कारण उणे बाविसात माणसं तयारीत असतात. मी स्वेटरवर स्वेटर, त्यावर कोट, कानटोपी आणि कानटोपीवर मफलर असा निघालो. आईने मागून हाक मारून घोंगडी अंगावर टाकली. आरशात पाहिलं असतं तर दरवेशी दोरी घेऊन मागे उभा दिसला असता.

रस्ता सोलापूरचा. डाव्या-उजव्या हाताला अंधारात काय काय आहे, हे गुरुजी दिसत नसतानाही दाखवत होते. गाईडगिरीत ते त्या फिनिश माणसाला हार जाणार नव्हते. खजाना विहीर आली. म्हणजे आली असं त्यांनी सांगितलं. निजामशाहीच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबतखान याने बांधलेली. हाताशी होता तो खजिना हिच्यात घातला म्हणून नाव खजाना, असं सांगतात. दुष्काळी जिल्ह्यात सरकारी पैसा पाण्यात घालून तो पाणी होऊन निघाल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण. मग पालीचं धरण, तेही अंधारातच. "येताना थांबू," गुरुजी म्हणाले, "ते खरं बघायचं आहे. मोर काय, मोर आहेतच." मांजरसुंब्याचा घाट चढलो तेव्हा पूर्वेला मिसरी लावलेल्या दातांमधून हसू फुटावं तसं उजाडायला लागलं होतं.

पाटोदा तालुक्यातलं नायगाव हे मोरांचं अभयारण्य. १९९४ साली जाहीर झालं, जवळजवळ तीस चौरस किलोमीटरचं. बालाघाटाच्या उघड्या टेकड्या, मधे झुडपी रान, खैर, बोर, हिवर, आणि उतारांवर सोन्याच्या रंगाचं वाळकं गवत. परक्या माणसाला यात जंगल शोधावं लागतं. आम्हाला लागत नाही, कारण आम्ही यापेक्षा दाट काही पाहिलेलंच नाही. वाटेवर वनमजूर मामा भेटले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, हातात काठी. त्यांच्यामागे त्यांचा दहा वर्षांचा नातू, अंगात शाळेचा शर्ट आणि त्यावर एका मोठ्या माणसाचा स्वेटर, ज्याच्या बाह्या त्याच्या हातांच्या कितीतरी पुढे गेलेल्या.

"पिसारा दिसेल ना?" मी विचारलं.

मामांनी माझ्याकडे कणवेने पाहिलं. "आता कुठला पिसारा साहेब. पाऊस सरला की झडतो. सगळे बाप्ये मोकळे झालेत."

गुरुजींनी हे मला आधी सांगितलं नव्हतं. मोराचा पिसारा ही शेपूट नसते. शेपटीच्या वरची लांब वाढलेली पिसं असतात ती, दीड-दोनशेच्या घरात. ती लांडोरींसाठी पावसाळ्यात मिरवायची, आणि ते काम झालं की एकेक गळून जातात. हिवाळाभर पुन्हा हळूहळू फुटतात. म्हणजे डिसेंबरात मोरांच्या अभयारण्यात जाणं हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडवात जाण्यासारखं आहे. पुतणीचं अस्वल झोपलेलं, माझे मोर पिसाऱ्याविना. सहलीला निघालेल्या माणसाला दाखवण्यासाठी म्हणून प्राणी काही करत नाहीत, एवढं तरी दोन्ही गोलार्धांच्या टोकांवर सारखंच असावं, असं मी म्हणालो. गुरुजींनी लगेच दुरुस्त केलं: दोन्ही ठिकाणं उत्तर गोलार्धातच आहेत.

मग ते दिसले. हरभऱ्याच्या एका पट्टीच्या कडेने पाच-सहा जण ओळीने निघाले होते. माना निळ्या, डोक्यावर तुरे, आणि मागे जिथे तो सगळा इंद्रधनुष्याचा पसारा असायला हवा तिथे वीतभर खुंट. तरी चाल मात्र जशीच्या तशी. पाऊल उचलायचं, हवेत क्षणभर तोलायचं, मग ठेवायचं. वळताना तर ते इतक्या लांबून वळत होते, जणू मागचा घोळ अजून आहे आणि तो झुडपात अडकेल. निवृत्त तहसीलदार भाजीबाजारात जावेत, मागे शिपाई नाही, हातात कापडी पिशवी, पण चालणं अजून दौऱ्यावरचं असावं, तसं ते दृश्य होतं. मला हसू आलं आणि मग बँकेतून निवृत्त झाल्यावरही सकाळी पावणेदहाला बूट घालून बसणारा एक माणूस आठवला, तेव्हा आवरलं.

शाळेत असताना माझ्याकडे एक मोरपीस होतं. इतिहासाच्या पुस्तकात, अफजलखानाच्या पानाशी ठेवलेलं. त्याच्याजवळ तांदळाचे चार दाणे ठेवले की पिसाला पिल्लं होतात, हे वर्गातलं ज्ञान गुरुजींच्या विज्ञानापेक्षा पक्कं होतं. मी तांदूळ ठेवले, पेन्सिलीचा भुगा ठेवला, एकदा तर थेंबभर दूधही घातलं, आणि त्या दुधाने अफजलखानाचं पान पुढच्या पानाला कायमचं चिकटलं. परीक्षेत तो प्रश्न आलाच. पिल्लं झाली नाहीत. पण दर सकाळी पुस्तक उघडताना आत काहीतरी जन्मलं असेल अशा धास्तीने जे पान उलटलं, तसं मी नंतर कुठलंही पुस्तक उघडलेलं नाही.

"हे दुसरीकडे जातात का रे कधी?" मी मामांच्या नातवाला विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. स्वेटरची बाही त्याने वर सारली, ती पुन्हा खाली आली. "हे कुठंच जात न्हाईत. इथंच असतेत."

दुपारी मामांच्या भावकीतल्या शेतात हुरडा. गवऱ्यांची आगटी पेटली होती, कणसं निखाऱ्यात सरकवलेली. मामांची बायको भाजलेलं कणीस तळहातांत चोळायची आणि मूठ उघडली की हिरवे, वाफाळलेले, दुधाळ दाणे. गूळभेंडीचा हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. पुतणीच्या सहलीत त्यांना कुठल्याशा बेरीचा गरम रस मिळाला होता. तिने पेल्याचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'हुरडा नाही.' मी त्या काकूंच्या हातांचा फोटो काढला. भाजलेल्या कणसाची धग सोसून सोसून ते तळहात आगटीच्याच रंगाचे झालेले.

गाव शांत होतं. गावाला लागून गेलो तर एकाआड एक दाराला कुलूप. ओट्यावर म्हातारी माणसं उन्हात बसलेली आणि बोळांतून पोरं. मधली पिढी कुणी रबराने खोडून काढावी तशी नाही. बीडच्या माणसाला यात नवल वाटत नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो. उचल आधीच घेतलेली असते आणि आधीच संपलेलीही असते. ट्रॉलीत पत्र्याची पेटी चढते, पाण्याचा ड्रम, चिपाड, बाज, दोन कोंबड्या, एक शेळी, आणि सगळ्यांच्या वर, अंबारीत बसावी तशी, काखेत बाहुली घेतलेली एखादी मुलगी. मग लाखभर नव्हे, लाखो माणसं पश्चिमेला, सांगली-कोल्हापूर-पुण्याकडे, कुणी पार कर्नाटकात. तिथे उसाच्या फडाशेजारी कोपी घालायची आणि पट्टा पडेपर्यंत तोडत राहायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. शाळेत जाणारी पोरं आजी-आजोबांकडे, नाहीतर हंगामी वसतिगृहात. प्रवासाचा खर्च आधी, मुक्काम उघड्यावर, वाटाड्या मुकादम. जिल्ह्याची ही सर्वांत मोठी हिवाळी सहल. हिचे फोटो कुणी कुणाला पाठवत नाही.

स्वेटर कुणाचा होता, हे मला तेव्हा कळलं.

पालीला पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. बिंदुसरेच्या धरणाचं पाणी काठापासून मागे सरलेलं, आणि मधे उघडा पडलेला गाळाचा पट्टा, ओल्या पाटीसारखा चमकणारा. गुरुजींचा चेहरा बदलला. गाडीतून उतरतानाच ते शाळेत शिरल्यासारखे उतरले आणि हजेरी घेऊ लागले. लांब तांबड्या पायांचे शेकाटे, ते हजर. शेपटी वरखाली करणारा परीट, हजर. दूर पाण्यात भगव्या रंगाची जोडी, चक्रवाक, हिमालयापलीकडून आलेले, हजर. मी हो हो म्हणत होतो. मला तो गाळ आणि त्यावरचे ठिपके एवढंच दिसत होतं.

"आता इकडे बघा," ते म्हणाले, आणि दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावून माझं डोकं दोन्ही हातांनी धरून फिरवलं, जसं न्हावी फिरवतो. "तो. तुमच्या पुतणीच्या गावाकडचा."

गाळात एक पक्षी होता. चिमणीपेक्षा जेमतेम खाली किंवा वर. पाठ राखी-करडी, पोट पांढरं, पाय काडेपेटीतल्या जळून काळ्या झालेल्या काड्यांसारखे. तो थांबतच नव्हता. चार पावलं पळायचा, चोचीने टकटकटक असा गाळ टोचायचा, पुन्हा चार पावलं. आईचं जुनं शिवणयंत्र रिकामं चालवलं की सुई अशी वरखाली व्हायची. सगळ्या धरणावर कामाची घाई असलेला तो एकटाच होता.

"छोटा टिलवा," गुरुजी म्हणाले. "वजन वीस-पंचवीस ग्रॅम."

मी मनातल्या मनात तराजू मांडला. पावशेर मिरच्यांच्या जागी असे दहा बसतील.

"जन्म कुठला सांगा?"

मी सांगू शकत नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून तर विचारलं. टिलव्याचा जन्म आर्क्टिकचा. नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सैबेरियाच्या किनाऱ्यापर्यंत जो वृक्षहीन, दलदलीचा टापू पसरला आहे, तिथे जूनमध्ये, सूर्य मावळतच नाही अशा दिवसांत, गवतातल्या एका खळग्यात मादी चार अंडी घालते. कित्येकदा ती अंडी उबवायला नराच्या ताब्यात देऊन आणखी चार घालते आणि ती स्वतः उबवते. एक कोयता, दोन फड. पिल्लं अंड्यातून निघाली की काही वेळात आपली आपण टिपायला लागतात. आणि उन्हाळा सरायच्या आत मोठे पक्षी निघून जातात.

"पिल्लांना घेऊन?"

"नाही. आधी मोठे जातात. पिल्लं मागून, आपली आपण. रस्ता कुणी दाखवलेला नसतो."

इथून तो मुलूख सरळ रेषेत मोजला तरी पाच हजार किलोमीटरहून जास्त. तेवढं अंतर पंचवीस ग्रॅमचा जीव पंखांवर तोलून येतो आणि कुठे उतरतो, तर बीडला. मी गुरुजींना पुन्हा विचारलं, बीडलाच? म्हणजे सहज, वाटेत म्हणून? ते म्हणाले, नाही, हिवाळा काढायलाच. गाळात किडे आहेत, अळ्या आहेत. पोट भरायला येतो.

पोट भरायला बीडला! मी दुर्बीण खाली केली. या जिल्ह्यातून पोट भरायला कुठे कुठे जातात याची यादी मला पाठ आहे. पोट भरायला बाहेरून इथे कुणी आल्याचं साठ वर्षांत ऐकलं नव्हतं. आला तो थेट ध्रुवाकडून, बिनाउचलीचा, बिनामुकादमाचा, आणि बरोबर त्याच दिवसांत, ज्या दिवसांत इथली माणसं कुलपं लावून निघतात. ट्रॅक्टर घाट उतरत असतील तेव्हा वरून हे टिलवे येत असतील. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नसेल. पाहण्याइतकी सवड दोघांनाही नव्हती.

आणि आणखी एक गोष्ट त्या गाळाशी उभं राहून हळूहळू ध्यानात आली. हा पक्षी अस्सल आर्क्टिकचा, पण आर्क्टिकचा हिवाळा याने कधी पाहिलाच नाही. ती महिनोन्‌महिन्यांची रात्र, तो गुडघाभर बर्फ, ते उणे बावीस, यातलं याला काही ठाऊक नाही. थंडी पडायच्या आधी हा निघतो. त्याचं आयुष्य म्हणजे तिकडचे न मावळणारे दिवस आणि इकडचं पालीचं ऊन. ध्रुवाकडची ती लांबलचक रात्र बघायला गेली कोण, तर शाहूनगरच्या मागच्या गल्लीत वाढलेली, थंडीत आजीच्या गोधडीतून नऊपर्यंत नाक बाहेर न काढणारी आमची पोरगी. कुठल्या तरी कचेरीत कुणीतरी दोघांच्या बदलीचे कागद आलटून पालटून ठेवले असावेत. रानुआला फळ्यांच्या वाटेवर उभी राहून ती कुंपणाआडचं आर्क्टिक बघत होती. तिथलं मोकळं होतं ते केव्हाच उठून माझ्या गावाला आलं होतं.

टिलवा एकदाच थांबला. एका पायावर उभा राहून चोच पाठीच्या पिसांत खुपसली आणि डोळा मिटला. वाऱ्याने त्याच्या छातीवरची दोन पिसं उलटी होत होती. आम्ही दोघं म्हातारे, एक घोंगडीत आणि एक दुर्बिणीमागे, काही न बोलता उभे राहिलो. गुरुजींनीही कुणाची हजेरी घेतली नाही. अर्ध्या मिनिटाने तो दचकून जागा झाला आणि पुन्हा कामाला लागला.

संध्याकाळी सातला पुतणीचा फोन आला. इथे अंधार पडला होता, तिथे साडेतीन वाजले होते आणि तिथेही अंधार पडला होता. मी हुरड्याचा फोटो आधीच पाठवून ठेवला होता, त्यामुळे सुरुवातीची पाच मिनिटं तिने मला नुसतं बोलून घेतलं. मग विचारलं, "काका, तुम्हाला प्राणी काय दिसले?"

"मोर दिसले. पिसारा नव्हता."

"आणि?"

"तुमच्याकडून एक जण आलाय. तो भेटला."

"आमच्याकडून? कोण? फिनलंडहून?"

"त्याच बाजूचा. पालीला उतरलाय, धरणावर. एप्रिलपर्यंत आहे. पट्टा पडला की जाईल."

ती बीडची आहे. क्षणभर थांबली, आणि मग तिकडून तिचं ते जुनं, नाकातून फुटणारं हसू आलं, जे एवढ्यात बरेच दिवस फोनवर आलं नव्हतं. "उचल किती घेतलीय त्याने?" ती म्हणाली. मी म्हटलं, काहीच नाही, वजनच पंचवीस ग्रॅम आहे. मग मी तिला गाळ सांगितला, काळ्या काड्यांचे पाय सांगितले, शिवणयंत्र सांगितलं. पिल्लं मागून एकटी येतात हे सांगताना ती गप्प झाली. तिच्या खिडकीबाहेर बर्फ काढणाऱ्या गाडीचा आवाज येत होता. मग तिने एप्रिलच्या तिकिटांचं काहीतरी विचारलं, मुंबईला उतरावं की हैदराबादला, आणि मी म्हटलं, हैदराबादला उतर, रात्रीच्या बसने ये.

आई आतल्या खोलीत पलंगावर बसून सगळं ऐकत होती. तिला हल्ली निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं ती स्वतः भरते. मी फोन ठेवल्यावर तिने हाक मारली.

"कोण आलंय रे तिच्याकडून?"

"पाहुणा आहे आई. लांबून आलाय."

"मग पालीला कशाला उतरू दिलं त्याला?" ती म्हणाली. "घरी नाही का आणायचं जेवायला?"